शिडीवर माझे पाय लटपटतात आणि मित्र मोबाइल काढतात

प्रिय ताई,
मी २९ वर्षांचा, नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत आहे. कॉलेजपासूनचे आम्ही सहा मित्र. मागच्या डिसेंबरात हरिहर गडावर गेलो होतो. त्या उभ्या पायऱ्यांवर अर्ध्यात माझे पाय लटपटायला लागले. वर जाता येईना, खाली उतरता येईना. मागे रांग लागली, लोक ओरडायला लागले. वरून एका मित्राने व्हिडिओ काढला आणि खाली येऊन चहा पिईपर्यंत तो ग्रुपवर पडलासुद्धा. वर्ष होत आलं, अजूनही माझ्या वाढदिवसाला तोच येतो. मीही हसतो.
आता नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी कळसूबाईचा बेत आहे. शनिवारी हाफ डे करून निघायचं, रात्री तंबू घेऊन चढायचं, माथ्यावर मुक्काम, सूर्योदय बघून खाली. सोबत दोन बाटल्याही येणार आहेत. तिथे लोखंडी शिड्या आहेत हे कळल्यापासून माझी झोप उडाली आहे. नाही म्हटलं तर 'फाटली' म्हणतील. आईला हरिहरचा प्रकार कळलाय, म्हणून तिला 'मित्राच्या फार्महाऊसवर जातोय' असं सांगायचं मनात आहे. जाऊ की नको? जायचं तर भीती घालवायला काय करू? बूट, सॅक नवीन घ्यावी का?
– अर्ध्यात अडकलेला

मित्रा,

जा. पण आत्ता ठरलाय त्या बेताने जाऊ नकोस. तुझ्या पायांचं बघूच आपण, त्याआधी तुमच्या बेताचं बघू, कारण तो धडधाकट पायांच्या माणसालाही जड जावा असा आहे.

आधी हरिहर. जवळजवळ ऐंशी अंशांत उभा कातळ, त्यात कोरलेल्या पायऱ्या आणि पंजा अडकवायला कडेच्या खोबण्या. वर चढणाऱ्या शत्रूची गाळण उडावी म्हणूनच ती वाट तशी केलेली आहे. १८१८ साली इंग्रजांनी हा मुलूख घेतला तेव्हा कितीतरी गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, हरिहरच्या पायऱ्या मात्र राहिल्या. कॅप्टन ब्रिग्ज त्या बघून थक्क झाला होता, असं गडावर जाणारा प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो. लष्करातला माणूस थक्क झाला तर त्याचं कौतुक, आणि अंबडचा पोरगा थबकला तर त्याचा व्हिडिओ!

लटपटण्याचं कारणही समजून घे. सुट्टीच्या दिवशी तिथे चढणारे आणि उतरणारे एकाच पायऱ्यांवर येतात आणि रांग तुंबते. अशा वेळी माणूस पायरीवर चवड्यांवर उभा राहतो, टाच हवेत. मिनिट-दोन मिनिटांत पोटऱ्या भरून येतात आणि थरथरायला लागतात. थरथर आधी पोटरीत सुरू होते, मग डोक्याला वाटतं की आपण घाबरलोय, मग खरोखरच घाबरायला होतं. म्हणून थांबायची वेळ आली की पूर्ण पाऊल पायरीवर टेकवायचं, जागा कमी असेल तर पाऊल थोडं आडवं करायचं, आणि टाचेवर भार द्यायचा. हे तुला कोणी आधी सांगितलं असतं तर तो व्हिडिओ बहुतेक निघालाच नसता.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नवरात्रात मी मैत्रिणींबरोबर कळसूबाईला गेले होते. यात्रेची गर्दी, पहाटे पाऊस शिंपडून गेलेला, शिडी ओली. माझे दोन्ही हात कठड्याला असे चिकटले की सोडवता येईनात. मैत्रिणी वरून 'अगं ये ना, काही नाही होत' असं ओरडत होत्या. त्या 'काही नाही होत'चा मला इतका राग आला होता! तेवढ्यात खालून एक बाई आली. अनवाणी, डोक्यावर ओटीचं सामान बांधलेली टोपली, वय माझ्याहून जास्तच असेल. ती ओरडली नाही की हसली नाही. माझ्या टाचेखाली तिने आपला तळवा धरला आणि म्हणाली, "खाली कशाला बघती? हा पाय ठिव. हां. आता दुसरा." मी पाय ठेवला. तिने तळवा पुढच्या पायरीवर नेला. असं करत शिडी संपली. वर पोचल्यावर मी पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाली, देवीला जाईपर्यंत पीत नाही, आणि निघून गेली. तिच्या तळव्याची ती खरखर मला अजून आठवते.

तुझ्या पाच मित्रांपैकी एकाने त्या दिवशी तेवढंच करायला हवं होतं. नाही केलं. पण खरं सांग, चढायला लागण्याआधी तू त्यांना सांगितलं होतंस का की उंचीवर मला भीती वाटते? पत्रात तसं काही दिसत नाही. आणि गेलं वर्षभर त्यांच्याबरोबर तूही हसतोयस. त्यांनी कुठून ओळखावं?

कळसूबाईची गोष्ट तुला माहीत असेलच. कळसू नावाची मुलगी एका पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अट घालूनच: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, बाकी पडेल ते काम करीन. एक दिवस घरी पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावली. तिने ती घासली, आणि सरळ डोंगरावर निघून गेली ती कायमचीच. पायथ्याच्या बारी गावचे लोक ती भांडी घासल्याची जागासुद्धा दाखवतात. मला या गोष्टीतली अट फार आवडते. घरात पाय ठेवायच्या आधी घातलेली, साध्या शब्दांत, एकदाच. तुझीही अट तशीच, घरून निघायच्या आधी. शिडीवर लोंबकळताना घातलेल्या अटीला कोणी विचारत नाही.

ग्रुपवर लिहू नकोस. तिथे लिहिलंस की पाच जण एकमेकांना दाखवण्यासाठी उत्तरं देतील. ज्याने व्हिडिओ काढला त्याला एकट्याला गाठ, चहाच्या टपरीवर, सुट्टीच्या आधीच्या एखाद्या संध्याकाळी. आणि असं काहीसं म्हण: "हरिहरला माझी खरंच तंतरली होती. तो व्हिडिओ आला की मी हसतो, पण मला नाही आवडत. तू डिलीट कर आणि पुन्हा टाकू नको. कळसूबाईला मी येतोय, शिडीवर तू माझ्या मागे रहा." शेवटचं वाक्य गाळू नकोस. माणसाला नुसतं 'तू चुकलास' सांगितलं की तो वाद घालतो, काम सांगितलं की बहुतेक वेळा करतो. त्यावरही तो खिदळला, तर मग कळसूबाईचा प्रश्नच मिटला. दोरीच्या वा शिडीच्या दुसऱ्या टोकाला असा माणूस मला तरी नको असतो.

आता बेत. रात्री, तंबू पाठीवर घेऊन, शिड्यांवरून! कोणाची कल्पना ही? हिशेब कर. तीन माणसांचा तंबू तीन-चार किलो, झोपायची पिशवी आणि अंथरूण दीड-दोन किलो, माणशी तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, वर कपडे, खाणं, गॅस. सॅक दहा-बारा किलोंवर जाते. शिडीवर सरळ उभं राहिलं की तेवढं वजन माणसाला मागे ओढतं, आणि तुझ्यासारख्याला नेमकी मागे पडायचीच भीती. त्यात रात्री दव पडून लोखंड निसरडं होतं.

वर मुक्कामाचं सुखही तुम्हाला वाटतं तेवढं नाही. माथा तोकडा, देवीचं छोटंसं देऊळ, खाली कातळ. खुंटी ठोकायला माती शोधत फिरावं लागतं आणि वारा तर मोकाट. १६४६ मीटर उंची आहे, म्हणजे आपल्या नाशिकपेक्षा जवळजवळ हजार मीटर वर. एवढ्या उंचीला हवा साधारण सहा अंशांनी गार होते. इथे पहाटे बारा असेल तर तिथे सहा धर, आणि वाऱ्यामुळे अंगाला त्याहून कमी लागेल. शिवाय हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्काम, शेकोटी, आवाज याबद्दल वनखात्याचे नियम असतात. आधी चौकशी केल्याशिवाय माथ्यावर तंबू टाकायचा विचारसुद्धा करू नका.

त्यापेक्षा तंबू खाली बारीतच टाका. नाशिकहून घोटीमार्गे दीड-दोन तासांत पोचाल. शनिवारी दिवसाउजेडी पोचायचं बघा, कारण नोव्हेंबरात सहाच्या आत दिवस मावळतो आणि अंधारात तंबू उभा करणं म्हणजे सहा इंजिनिअरांचं भांडण. गावात कोणाच्या तरी वावरात जागा मिळते. मालकाला विचारून, पैसे देऊन घ्या, हक्काने घुसू नका. तेव्हा भाताची सोंगणी बहुतेक उरकलेली असते आणि सोंगलेलं खाचर लांबून गादीसारखं दिसतं. फसू नका. भाताची धसकटं तंबूचा तळ फाडतात आणि रात्रभर पाठीत टोचतात. मालकाकडून दोन-चार पेंढ्या भाताण मागून घ्या, पसरा, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर तंबू. तंबूच्या दोऱ्या वारा नसला तरी ताणून बांधा, पहाटे सुटतो. दोन्ही बाजूंच्या चेनी बोटभर उघड्या ठेवा, नाहीतर श्वासाचं पाणी होऊन सकाळी अंगावर टपकेल. आणि थंडी कितीही वाजली तरी कोळशाची शेगडी किंवा गॅस तंबूत घ्यायचा नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बाहेर काढलेले बूट सकाळी झटकून घाला, विंचवाला अंधारी, आडोशाची जागा फार आवडते.

जेवण गावातच सांगा. पिठलं, भाकरी, ठेचा आणि त्या भागातला नवा तांदूळ, याच्यापुढे तुमचे नूडल्स कशाला? शिवाय ते पैसे गावात राहतात.

बाटल्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी तुमची आई नाही. एवढंच सांगते की दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, पण आतली उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते. आणि रात्री एक वाजेपर्यंत प्यायलेला माणूस सकाळी शिडीवर तुझ्या मागे उभा असणार आहे. तुझ्या टाचेखाली कोणाचा तळवा हवा, ही तुझी दुसरी अट होऊ शकते. बाटल्या उतरल्यावर, नाशिकला परतल्यावर.

सकाळी उजाडता उजाडता निघा. पाठीवर लहान सॅक, माणशी तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की, ओआरएसची पाकिटं, एक जाड कपडा. गावातला एखादा वाटाड्या बरोबर घ्या. वाट सरळ आहे, तरी घ्या, कारण वाटाड्या कोणाची फजिती शूट करत नाही. सूर्योदय वरूनच बघायचा हा हट्ट सोडा, तो खाचरातूनही उगवतो. नऊ-साडेनऊपर्यंत आरामात वर पोचाल. समोर अलंग, मदन, कुलंग, पलीकडे रतनगड, खाली भंडारदऱ्याचं पाणी. लवकर निघण्याचा तुला खास फायदा असा की शिड्यांवर तेव्हा गर्दी नसते. दुपारी अकरानंतर तिथेही हरिहरसारखीच रांग लागते. म्हणून अकराला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, हे शनिवारीच सगळ्यांच्या देखत ठरवून टाका. चालताना तू पहिल्याच्या मागे, दुसऱ्या नंबरावर. सगळ्यात हळू चालणारा शेवटी राहिला की पुढचे थांबून विसावतात आणि तो पोचला की लगेच उठून चालू लागतात. त्याला विसावा मिळतच नाही. तुमच्यातला सगळ्यात दमदार गडी शेवटी ठेवा.

शिड्यांबद्दल एक दिलासा: हरिहरच्या मानाने त्या सोप्या आहेत. पायऱ्या रुंद, दोन्ही बाजूंना कठडा. नियम एकच पाळ. दोन हात, दोन पाय, या चारांतला एका वेळी एकच हलवायचा, बाकी तीन घट्ट. नजर समोरच्या पायरीवर. उतरताना जिथे फार उभं वाटेल तिथे शिडीकडे तोंड करून उतर, भले लोक काहीही म्हणोत. श्वास अडकला असेल तर मोठ्याने काहीतरी म्हण. मी पाढे म्हणते, एकोणिसाचा, कारण तो मला येत नाही आणि सगळं लक्ष त्यातच जातं.

सरावाला तुझ्याकडे हाताशी आठवडे आहेत आणि पांडवलेणी तर सिडकोच्या उशालाच. आठवड्यातून तीन दिवस सकाळी पाठीवर पाण्याच्या चार बाटल्या घेऊन पायऱ्या चढ-उतर, कामावर जायच्या आधी होतं. एका रविवारी अंजनेरी कर. तिथे पायऱ्या आहेत, दरी आहे, वर तळं आहे, पण लोंबकळावं लागत नाही. शिडीच्या सरावासाठी सोसायटीच्या टाकीची लोखंडी शिडी वापर. खाली कोणीतरी उभं असताना चार पायऱ्या चढ, टाच टेकव, वीस आकडे मोज, उतर. दुसऱ्या दिवशी पाच. भीती 'जात' नाही, तिची सवय होते, आणि तेवढी सवय पुरते. फक्त एक बघ: उंचीवर नुसतं भ्यायला होत नसून खरोखर गरगरतं, घरी उठता-बसतानाही चक्कर येते, असं असेल तर डोंगराच्या आधी डॉक्टर.

नवीन सॅक अजिबात घेऊ नकोस. तंबू आणि सॅक भाड्याने मिळतात, मित्रांकडे पडलेल्या असतात. बूट मात्र चांगले हवेत, रबरी पकडीचे. ते आत्ताच घे आणि पांडवलेणीला घालून घासव. शुक्रवारी आणलेले कोरे बूट रविवारी पायाला फोड काढतात, मग शिडीवर लटपटायला आणखी एक निमित्त.

राहता राहिली आई. फार्महाऊसची थाप मारू नकोस. खरं बोलावं वगैरे मी सांगत नाहीये, माझं कारण वेगळं आहे. डोंगरात रेंज जाते-येते. रविवारी रात्री दहापर्यंत तू आला नाहीस तर आई त्या फार्महाऊसवाल्या मित्राच्या घरी फोन करत बसेल आणि तू असशील बारीत, पाय मुरगळून. एका कागदावर लिहून फ्रिजवर लाव: बारी गाव, कळसूबाई, गाडीचा नंबर, दोन मित्रांचे फोन, रविवारी संध्याकाळी सातपर्यंत परत, नऊपर्यंत फोन नाही आला तर यांना विचार. खाली १०८ आणि ११२. सांगताना तिला हेही सांग की मुक्काम गावात आहे, रात्रीची चढाई रद्द केली, आणि ती तू रद्द करायला लावलीस. हरिहर ऐकल्यावर तिला तेवढं ऐकायचंच असणार.

आणि सांगून झालं की विचार, दशम्या करून देशील का. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, लसणाच्या चटणीबरोबर माथ्यावर बसून खायला तर काय लागतात! सहा जणांना बारा पुरतील. व्यायामशाळेत जाणारा एखादा असेल तुमच्यात, तर अठरा सांग.

– तुझी ताई